कर्वेनगरमधील महिला अभियांत्रिकी शिक्षण आणि उद्योगांचा सहभाग

पुणे शहराच्या नैर्ऋत्येकडील कर्वेनगर (जुने नाव हिंगणे बुद्रुक) येथे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ साली केवळ विद्यार्थिनींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. कमिन्स या इंजिन-उत्पादक उद्योगसमूहाच्या अर्थसाहाय्यातून ते उभे राहिले आणि कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय या नावाने ओळखले जाते. भारतातील पहिल्या महिला अभियांत्रिकी महाविद्यालयांमध्ये त्याची गणना होते. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण वाढावे यासाठी शिक्षणसंस्था आणि नोकरी देणारे उद्योग यांनी एकत्र येऊन केलेल्या कामाचे हे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण आहे. अशा सहकार्याने शिक्षणाचे दार उघडते. शिकलेली स्त्री त्या व्यवसायात टिकते की नाही, हे मात्र मोठ्या प्रमाणात कामाच्या ठिकाणच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, असे या क्षेत्राच्या इतिहासावरून दिसून येते.

पार्श्वभूमी : हिंगण्याचा आश्रम

धोंडो केशव कर्वे (१८ एप्रिल १८५८ – ९ नोव्हेंबर १९६२) हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या विद्यार्थिनी होत्या. पुढे त्या आनंदीबाई किंवा बाया कर्वे या नावाने परिचित झाल्या. १८९६ साली कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जागा आणि झोपडी बांधण्यासाठी ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम तेथे हलला. त्या काळी गावाकडे जायला धड रस्ता नव्हता आणि कर्वे शहरातील अध्यापन आटोपून पायी आश्रमात जात असत. १९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले.

विधवांना अक्षरओळख करून देणे एवढाच आश्रमाचा हेतू नव्हता. शिकलेल्या स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे राहता यावे, म्हणजेच तिला कोणीतरी काम द्यावे, हा प्रश्न आरंभापासून होता. शिक्षिका व परिचारिका हे त्या काळी स्त्रियांना मोकळे असलेले मोजके व्यवसाय होते. पुण्यातच रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण दिले. ज्या ठिकाणी काम मिळायचे त्याच ठिकाणी शिक्षणाची सोय करण्याचे हे एक जुने उदाहरण होय.

१९१६ साली कर्वे यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. १९२० साली गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला गेले. हिंगण्याची संस्था मात्र आपल्या शाळा-वसतिगृहांसह तेथेच वाढत राहिली. तिचे ‘हिंगणे स्त्री शिक्षण संस्था’ हे नाव पुढे बदलून ‘महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था’ झाले. कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न हा किताब मिळाला. गावाचे कर्वेनगर हे नाव आणि शहरातून तिकडे जाणाऱ्या कर्वे रस्त्याचे नाव त्यांच्याच स्मृतीचे आहे.

कर्वे यांच्या महिला विद्यापीठात मातृभाषेतून शिक्षण होते, तसेच गृहजीवनशास्त्र व आरोग्य यांसारखे स्त्रियांसाठी म्हणून आखलेले विषय होते. स्त्रियांचा अभ्यासक्रम पुरुषांहून वेगळा असावा काय, यावर त्या काळी मतभेद होते. पाऊणशे वर्षांनंतर त्याच परिसरात सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. संस्था स्त्रियांची, परंतु अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि पदवी पुणे विद्यापीठाच्या इतर सर्व अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची होती तीच.

औद्योगिक पार्श्वभूमी

कर्वेनगरला लागून असलेल्या कोथरूडमध्ये १९६० च्या दशकात मोठा कारखाना उभा राहिला. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या कोलंबस या गावी १९१९ साली स्थापन झालेली कमिन्स कंपनी आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांच्या भागीदारीतून १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स ही डिझेल इंजिने बनवणारी कंपनी सुरू झाली. किर्लोस्कर समूहाचा स्त्रियांच्या प्रश्नांशी संबंध त्याआधीचा होता. ‘स्त्री’ हे मासिक किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किर्लोस्करांचा हिस्सा कमिन्सने घेतला आणि कंपनीचे नाव कमिन्स इंडिया असे झाले.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसर या काळात यंत्रनिर्मितीचे केंद्र बनला, तरी कारखान्यांत अभियंता म्हणून स्त्रिया फार विरळ होत्या. भारतात स्त्रियांना अभियांत्रिकी पदवी मिळण्यास १९४० च्या दशकात आरंभ झाला. मद्रासजवळील गिंडी येथील महाविद्यालयातून अय्यलसोमयाजुल ललिता यांनी १९४३ साली विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून लीला पूनावाला यांनी १९६७ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. प्रशिक्षणार्थी म्हणून उद्योगात शिरलेल्या पूनावाला पुढे आल्फा लाव्हल इंडिया या कंपनीच्या प्रमुख झाल्या आणि १९८९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पदवी असूनही नोकरीचे दार बंद असण्याचे सर्वांत परिचित उदाहरण १९७४ मधील आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी टेल्को कंपनीची अभियंत्यांसाठीची जाहिरात पाहिली. स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, अशी सूचना तिच्या खाली होती. त्यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून आक्षेप नोंदवला. त्यानंतर त्यांना पुण्यात मुलाखतीसाठी बोलावण्यात आले आणि नोकरीही मिळाली. हा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. एका पोस्टकार्डाने एका व्यक्तीसाठी नियम बदलला. अनेकींसाठी तो बदलायचा तर पदवीधर मुलींची संख्या वाढणे आणि कारखान्यांनी त्यांना घेण्याची तयारी करणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या.

महाविद्यालयाची स्थापना आणि विस्तार

१९८० च्या दशकात महाराष्ट्रात खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये झपाट्याने वाढली. तरीही मुलीला परगावी, मुलग्यांची बहुसंख्या असलेल्या महाविद्यालयात चार वर्षे पाठवण्यास अनेक पालक कचरत. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेकडे कर्वेनगरमध्ये जागा, वसतिगृहे चालवण्याचा दीर्घ अनुभव आणि पालकांचा विश्वास होता; प्रयोगशाळा व इमारतींसाठी लागणारे भांडवल तिच्यापाशी नव्हते. कमिन्स समूहाच्या देणगीने ही उणीव भरून काढली आणि १९९१ साली महाविद्यालय सुरू झाले. उद्योगांनी नफ्यातील ठरावीक वाटा सामाजिक कार्यावर खर्च करावा, असा कायदा त्या वेळी नव्हता. ती तरतूद कंपनी अधिनियम, २०१३ मधून आली.

महाविद्यालयात संगणक, माहिती तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार, उपकरण व नियंत्रण आणि यंत्र अभियांत्रिकी या शाखा शिकवल्या जातात. यांपैकी यंत्र अभियांत्रिकीची भर नंतर पडली. इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयातही ही शाखा उशिरा यावी, यावरून मुलींसाठी कोणत्या शाखा योग्य याविषयीच्या तत्कालीन समजुतींचा अंदाज येतो. महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी (२०१४ पूर्वीचे पुणे विद्यापीठ) संलग्न असून त्याला पुढे स्वायत्त दर्जा मिळाला. २०१० साली संस्थेने नागपूर येथे हिंगणा मार्गावर याच नावाचे दुसरे महाविद्यालय सुरू केले.

संस्थेच्या कर्वेनगर आवारात स्त्रियांसाठी इतरही व्यावसायिक शिक्षण उपलब्ध आहे. डॉ. भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय १९९४ साली सुरू झाले. याशिवाय परिचर्या, व्यवस्थापन, फॅशन तंत्रज्ञान आणि संगणक उपयोजन यांचे अभ्यासक्रम चालवले जातात.

सहकार्याचे स्वरूप

उद्योग आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्यातील सहकार्य साधारणपणे पुढील मार्गांनी होते.

इमारती व प्रयोगशाळा : यासाठी मिळणारी देणगी एकरकमी असते. यंत्रे आणि संगणकप्रणाली काही वर्षांतच जुन्या होत असल्याने अशी मदत एकदाच मिळून भागत नाही.

शिष्यवृत्ती : गुणवत्ता असूनही आर्थिक अडचण असलेल्या मुलींसाठी कंपन्या आणि न्यास शिष्यवृत्त्या देतात. लीला पूनावाला यांनी १९९५ साली पुण्यात स्थापन केलेले प्रतिष्ठान मुलींना उच्च शिक्षणासाठी साहाय्य करते. त्याच्या शिष्यवृत्त्यांना अनेक उद्योग निधी पुरवतात. शुल्काखेरीज संभाषण, संगणकवापर आणि मुलाखतीची तयारी यांचेही प्रशिक्षण दिले जाते.

अभ्यासक्रम : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यासमंडळावर उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी असणे अपेक्षित असते. स्वायत्ततेमुळे अभ्यासक्रमात बदल करण्यासाठी संपूर्ण विद्यापीठाच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे उद्योगाच्या सूचना अभ्यासक्रमात लवकर उतरू शकतात. मात्र केवळ आजच्या नोकरीस उपयोगी पडेल तेवढेच शिकवण्याचा मोह टाळणे आणि गणित व मूलभूत विज्ञान यांचा पाया पक्का ठेवणे ही जबाबदारी शिक्षकांवर राहते.

प्रकल्प व इंटर्नशिप : पदवीच्या अखेरच्या टप्प्यात विद्यार्थिनी कंपनीने दिलेल्या समस्येवर प्रकल्प करतात किंवा काही महिने प्रत्यक्ष काम करतात. ज्यांच्या कुटुंबात यापूर्वी कोणी अभियंता नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव विशेष मोलाचा असतो. कारखान्यातील शिस्त, बैठकांची पद्धत आणि वरिष्ठांशी बोलण्याची रीत त्यांना घरातून कळलेली नसते.

नोकरभरती : कंपन्या महाविद्यालयात येऊन लेखी परीक्षा व मुलाखती घेतात. पुण्यात १९९० नंतर वाढलेल्या संगणक उद्योगाने अशा भरतीला मोठी चालना दिली. किर्लोस्कर-कमिन्सच्या परंपरेशी या उद्योगाचाही धागा जुळतो. १९९० साली पुण्यात सुरू झालेली केपीआयटी ही कंपनी २००२ साली कमिन्सच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीशी एकत्र आली आणि २०१३ पर्यंत केपीआयटी कमिन्स या नावाने ओळखली जात होती.

शासकीय धोरण

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशांत मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांसाठी जागा राखीव असतात; अल्पसंख्याक संस्थांना वेगळे नियम लागू होतात. महिला महाविद्यालयात हे सामाजिक आरक्षण लागू असल्याने तेथील विविधता केवळ स्त्री-पुरुष भेदापुरती मर्यादित राहत नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ‘प्रगती’ शिष्यवृत्तीतून निवडक विद्यार्थिनींना दरसाल ५० हजार रुपये मिळतात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. शुल्क माफ झाले तरी शहरात राहण्याचा, जेवणाचा आणि लॅपटॉपचा खर्च उरतोच. त्यामुळे वसतिगृहांचे महत्त्व कमी झालेले नाही.

राष्ट्रीय पातळीवर पाहता, २०१९-२० मधील अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रमांत मुलींचे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये ते त्याहून कमी असल्याने २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या; त्यांचे लक्ष्य १४ टक्क्यांवरून २०२० पर्यंत २० टक्क्यांवर नेण्यात आले.

कामाच्या ठिकाणचे अडथळे

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ नुसार स्त्री कामगारांना सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यात काम देण्यास मनाई होती. ही तरतूद संरक्षणासाठी होती. प्रत्यक्षात मात्र तिच्यामुळे पाळ्यांमध्ये चालणाऱ्या विभागांत स्त्रियांना न घेण्यास कारण मिळाले. नव्या अभियंत्याने उत्पादन विभागात सर्व पाळ्यांचा अनुभव घ्यावा, अशी बहुतेक कारखान्यांची पद्धत असते. तो अनुभव नसलेल्या अभियंत्याची पुढील बढती अडते. पुढे राज्याने अटी घालून रात्रपाळीस परवानगी देणाऱ्या सुधारणा केल्या. कार्यालये व संगणक कंपन्यांना लागू असलेल्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार स्त्रीची संमती असल्यास आणि सुरक्षिततेची व्यवस्था केल्यास तिला रात्री ९.३० नंतरही काम करता येते.

सुरक्षिततेची अट कागदावर राहून चालत नाही, हे पुण्याने अनुभवले आहे. २००७ साली रात्रपाळीसाठी निघालेल्या एका कर्मचारी तरुणीची, तिला कामावर नेण्यासाठी नेमलेल्या गाडीचा चालक आणि त्याचा साथीदार यांनी हत्या केली. २००९ साली कामावरून घरी परतणाऱ्या एका संगणक अभियंत्या स्त्रीचीही अपहरण करून हत्या झाली. या घटनांनंतर कर्मचाऱ्यांच्या वाहतुकीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न ऐरणीवर आला. वाहनचालकांची पडताळणी, गाडीत सुरक्षारक्षक आणि शेवटच्या थांब्यावर स्त्री एकटी राहणार नाही अशी मार्गाची आखणी, या उपायांचा आग्रह धरला जाऊ लागला.

कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्ध १९९७ च्या विशाखा निकालाने घालून दिलेली तत्त्वे २०१३ च्या कायद्यात समाविष्ट झाली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक झाले. मूल लहान असतानाच्या काळात नोकरी सोडणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी असते, त्यामुळे पाळणाघराची तरतूद प्रशिक्षणाइतकीच महत्त्वाची मानली जाते.

टीका आणि मर्यादा

केवळ स्त्रियांसाठी असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांवर दोन प्रकारची टीका होते. पदवीनंतर मुलींना पुरुषांबरोबरच काम करायचे असल्याने चार वर्षे वेगळे शिकवणे कृत्रिम आहे, असा पहिला आक्षेप आहे. त्यावर असे उत्तर दिले जाते की, अशा महाविद्यालयात कार्यशाळेतील यंत्र चालवण्यापासून तांत्रिक स्पर्धेच्या चमूचे नेतृत्व करण्यापर्यंत सर्व कामे मुलींनाच करावी लागतात. मिश्र वर्गात ती अनेकदा मुलग्यांकडे जातात आणि मुलींच्या वाट्याला अहवाल लिहिणे येते.

दुसरा आक्षेप उद्योगांच्या निवडीवर आहे. कंपन्या ज्या महाविद्यालयांत प्रवेशाचे गुण मुळातच उंच आहेत तेथेच भरतीसाठी जातात. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी शिकलेली, मराठी माध्यमातून आलेली मुलगी मागे राहते. भाषेचा अडसर कमी करण्यासाठी २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. मात्र मुलाखत इंग्रजीतच होत असेल, तर केवळ अध्यापनाची भाषा बदलून हा प्रश्न सुटत नाही.

याखेरीज बहुतेक विद्यार्थिनींची भरती शाखा कोणतीही असो, संगणक कंपन्यांत होते, हीदेखील एक मर्यादा मानली जाते. देशातील माहिती तंत्रज्ञान उद्योगात स्त्रियांचे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास असले, तरी यंत्रनिर्मितीत ते बरेच कमी आहे. चाकण किंवा रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहती शहरापासून दूर असून तेथील काम पाळ्यांमध्ये चालते. वाहतूक आणि निवास यांची सोय कंपनीने केल्याशिवाय तेथील जागा स्त्रियांसाठी नावापुरत्याच खुल्या राहतात.

नंतरचे प्रयत्न

महिलांच्या स्वतंत्र अभियांत्रिकी शिक्षणाचे प्रयोग पुढे इतरत्रही झाले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने मुंबईत जुहू येथे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. ते आज उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. पुण्यात भारती विद्यापीठाचे महिला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दिल्लीत १९९८ साली सुरू झालेल्या इंदिरा गांधी तंत्रज्ञान संस्थेचे २०१३ मध्ये महिला विद्यापीठात रूपांतर झाले.

पदवीखालच्या स्तरावरही बदल दिसतो. औंध येथे मुलींसाठी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. टेल्कोचे नाव २००३ साली टाटा मोटर्स झाले. या कंपनीच्या पुणे कारखान्यात आता मोटारींच्या जोडणीची एक वाहिनी पूर्णतः स्त्रिया चालवतात. बारावी किंवा औद्योगिक प्रशिक्षण घेतलेल्या मुलींना तेथे कामाबरोबर पदविकेचे शिक्षण घेता येते. पुरेशा संख्येने एकाच वेळी भरती झाल्यास स्वच्छतागृहे, बससेवा, वसतिगृह आणि पाळ्यांचे वेळापत्रक यांत बदल करणे कंपनीला भाग पडते. एखाद-दुसरी स्त्री घेतल्यास तिनेच असलेल्या व्यवस्थेशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा राहते. म्हणूनच तंत्रशिक्षणातील जाणकार पदवीधर मुलींच्या संख्येबरोबर एकाच विभागात एकत्र काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या आणि पाच-दहा वर्षांनंतर त्यांपैकी टिकून राहिलेल्यांचे प्रमाण, या दोन्ही गोष्टी सहकार्याच्या यशाचे मोजमाप म्हणून महत्त्वाच्या मानतात.